रॅचेटवरचं कुंकू

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे. मी जेवताना गप्प झालो तर कोणतं पुस्तक अर्धवट राहिलंय, हेसुद्धा ती ओळखते. हे मात्र तिला ठाऊक नाही. मुलांनाही नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तो आता ऐकायला नाही. म्हणून तुमच्यापाशी बसलो आहे. सावकाश सांगेन — मला घाईनं सांगता येत नाही, आणि हे तर नाहीच.

रॅचेटपासून सुरुवात करतो. तुम्ही गॅरेजात पाहिलं असेल. हातभर लांबीचा दांडा, टोकाला गोल डोकं, डोक्याला गोटी, म्हणजे नटावर बसणारी पोकळ लोखंडी टोपी, बसवायची आणि गोटी नटावर चढवायची. दांडा एका बाजूला ओढला की नट फिरतो. उलट्या बाजूला नेला की नुसतं कटकट वाजतं, नट जागचा हलत नाही. म्हणजे अडचणीच्या जागीही पाना काढून पुन्हा लावत बसावं लागत नाही. त्या डोक्यात एक दातेरी चाक असतं आणि त्या दातांत अडकणारी एक छोटी खिट्टी. सगळा खेळ त्या खिट्टीचा. ती दातात नीट बसली तर माणसानं अंगाचा भार टाकावा. नाही बसली तर —

हे सगळं मला दादानं शिकवलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेत गाड्यांच्या दुरुस्तीवर होता. तिथून परतल्यावर त्यानं वडूजला, एसटी स्टँडच्या रस्त्याला, एक गाळा भाड्यानं घेऊन गॅरेज टाकलं. ट्रॅक्टर, जीप, म्हसवडकडून मेंढरं भरून येणारे पिकअप, काय येईल ते. मी सांगलीत, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. मी कधी शिकवलं नाही, पण दादा मला मास्तर म्हणायचा. पुस्तकात राहतो तो मास्तर, एवढा त्याचा हिशेब. त्यात चेष्टा होती, आणि चेष्टेच्या खाली अभिमान. तो अभिमान मी नेहमी ओळखायचो. पुढं जे घडलं ते त्या अभिमानाशिवाय घडलं नसतं, असं मला वाटतं. त्याच्याही आणि माझ्याही.

दसऱ्याच्या थोडं आधी त्याचा फोन आला. फौजेतून येताना आणलेल्या रॅचेटची खिट्टी झिजली होती. "वडूजात मिळतंय ते नुसतं चकाकतंय रं," म्हणाला. "तू सांगलीत बघ. तुझी नजर बारीक हाय."

मग त्यानं फोनवरच मला सगळं समजावलं. गोट्या घेताना आत बघायचं — सहा कोनांच्या घ्यायच्या, बारा कोनांच्या नको. बारा कोनांच्या गंजलेल्या नटाचे कोपरे खातात. सील काढायचे बारीक हूक घ्यायचे ते नखानं ओढून बघायचे, टोक वाकता कामा नये. आणि रॅचेट? रॅचेट कानाला लावून ऐकायचं, पण तेवढ्यावर घ्यायचं नाही. दुकानात व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यात आवळून धरणारा शिकंजा, असतोच. त्यात बोल्ट आवळून धरायचा, त्यावर गोटी, गोटीवर रॅचेट, आणि दांड्यावर अंगाचा भार टाकायचा. मग एक दात मागं सरकवायचं, पुन्हा भार. असे सगळे दात. मग डोक्यावरचा दिशा बदलायचा खटका फिरवून उलट्या बाजूनं पुन्हा सगळे. "एक दात जरी निसटला तर तिथंच ठीव आन् दुसरं माग," तो म्हणाला. "लाजू नगंस."

लाजू नगंस. त्याला माझी ओळख होती.

हळदीच्या वखारींच्या मागच्या गल्लीत ते दुकान होतं. मी ग्रंथालयातून तसाच गेलो — इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत दोन पुस्तकं. दसरा तोंडावर असल्यानं गर्दी होती. मी गोट्या पाहिल्या, एकेक उजेडाकडं धरून कोन मोजले. हूक नखानं ओढून पाहिले. हे सगळं मी नीट केलं, बरं का. जे गुपचूप, उभ्या उभ्या, बोटांच्या टोकांनी करता येण्याजोगं होतं ते सगळं मी अगदी नीट केलं.

मग रॅचेट हातात आलं. काउंटरच्या टोकाला व्हाइस होता. दुकानदार म्हणाला, "धरून बघा की सर. लोक बघूनच नेत्यात." मी व्हाइसपाशी गेलो. त्याचा दांडा कुठल्या बाजूला फिरवला की जबडा मिटतो, तेच मला कळेना. शेजारी डब्यावर बसून दोन मेकॅनिक चहा पीत होते. मी दांडा चुकीच्या बाजूला फिरवला आणि जबडा आणखी उघडला. त्यातला एक म्हणाला, "आवं सर, दमानं. खडू न्हवं त्यो." दुसरा हसला. दुकानातली आणखी एक-दोन माणसं हसली असतील. वाईट नव्हतं ते हसणं. लगेच तो पहिला चहाचा पेला खाली ठेवून उठूही लागला — "आना, मी दाबून दावतो."

म्हणजे हसणाराच मदतीला उठला होता. त्याच्या हातात रॅचेट द्यायचं होतं, एवढंच. मी काय केलं? रॅचेट कानाशी नेलं, दोनदा कटकट वाजवलं, समजल्यासारखी मान डोलावली आणि म्हणालो, "नको, चांगलं आहे. बांधून द्या."

एवढंच घडलं. कॉलेजात माझ्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या कितीतरी मुलांना मी म्हटलं आहे, न समजलेलं विचारावं, त्यात कमीपणा नसतो. हे वाक्य मी त्या दिवसानंतरही म्हणत राहिलो.

दसऱ्याला वडूजला गेलो. दादानं पुडकं सोडलं, गोट्या पाहिल्या आणि खूश झाला. रॅचेट हातात तोलून विचारलं, "समदे दात बघितलंस?"

तिथं नाही म्हणायला काय लागत होतं? तो हसला असता. म्हणाला असता, "लाजलास व्हय रं," आणि स्वतःच व्हाइसमध्ये धरून पाहिलं असतं. मी म्हणालो, "हो, दोन्ही बाजूंनी." एवढ्यावर थांबलो नाही. दुकानात दोन मेकॅनिक होते, त्यांनीही दाबून पाहिलं आणि माल चांगला म्हणाले, असंही सांगितलं. खोटं बोलणाऱ्याला तपशील लागतो, आणि तपशील मला नेहमीच चांगले सुचतात.

त्यानंतर कितीतरी दिवस तो गिऱ्हाइकांना ते रॅचेट दाखवायचा. "आमच्या मास्तरानं पारखून आणलंय, सांगलीसनं." मी समोर असलो तर मुद्दाम. मी हसायचो.

होळीच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. एका पिकअपच्या खाली झोपून दादा काम करत होता. गंजलेला बोल्ट त्यानं आधी टॉमीनं, म्हणजे लांब लोखंडी दांड्यानं, सैल केला होता, मग रॅचेट लावलं. शेवटच्या आट्यांत बोल्ट पुन्हा जाम झाला. त्यानं जोर लावला आणि हात मोकळा सुटला. मूठ लोखंडाच्या धारेवर गेली. दोन बोटांच्या शिरा तुटल्या.

मी गेलो तेव्हा हात बांधलेला होता. तो खाटेवर टेकून बसला होता. वहिनी चहा करायला आत गेल्या, तसा त्यानं आवाज जरा खाली आणला.

"मास्तर, येक इचारू? त्या रॅचेटचं समदे दात दाबून बघितलं हुतंस न्हवं?"

त्यात आरोप नव्हता. डॉक्टर विचारतो तसं त्यानं विचारलं — कारण कुठं शोधायचं, एवढंच त्याला ठरवायचं होतं. त्याची ती पद्धतच होती. काही बिघडलं की आधी हत्यार निर्दोष आहे का ते बघायचं; ते निर्दोष असलं की मग दोष आपला. तिसरी जागा नाही. मला ही पद्धत माहीत होती. माझ्या उत्तरावर काय ठरणार, हेही मला माहीत होतं.

"हो दादा. सगळे."

त्यानं मान हलवली. बांधलेल्या हाताकडं बघितलं. "मग हात माझाच हलला," म्हणाला.

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही तिघांनी तो प्यायला.

तुम्ही विचाराल, तो एवढा जाणता मेकॅनिक, त्यानं स्वतः का नाही पाहिलं? पाहिलं की. नंतर, उजवा हात बांधलेला असताना, डाव्या हातानं. वहिनींनी मला नंतर सांगितलं. पण डाव्या हाताचा जोर तो किती, आणि सगळे दात पाहून झालेत म्हटल्यावर त्यानं दोन-चारच पाहिले असतील. ते पक्के निघाले. शिवाय फौजेत असताना कधीतरी एका डॉक्टरनं त्याच्या मनगटाबद्दल काहीतरी म्हटलं होतं — झीज वगैरे. ते तो इतकी वर्षं विसरला होता. आता आठवलं.

बोटं बरी झाली, एक पुरतं वाकेना एवढंच. तो पुन्हा कामाला लागला. आणि तेच रॅचेट ओढताना पुन्हा हात सुटला. लागलं नाही, पण सुटला. मग आणखी एकदा, गिऱ्हाईक समोर उभं असताना. वहिनी फोनवर सांगायच्या, की ते पाण्यानं भरलेली बादली उचलून अंगणात नुसते उभे राहतात, हाताकडं बघत. विचारलं तर म्हणतात, बघतोय कवा सुटतोय ते. बादली कधी सुटली नाही. पण त्यावरून तो काही वेगळं समजला नाही. हात न सांगता धोका देतो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

मी सांगलीत माझ्या टेबलाशी बसून हे ऐकायचो. मला तेव्हा नक्की काही माहीत नव्हतं. संशय होता. संशय असला की माणूस तपासून बघतो, नाही का? मी तपासलं नाही. जोवर तपासत नाही तोवर मी खोटा असलो तरी गुन्हेगार नव्हतो.

पुढच्या दसऱ्याला मी गेलो तेव्हा दादानं गाळा सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. शेजारच्या मोबाइलवाल्याला तो हवा होता. दसऱ्याच्या सकाळी किल्ली द्यायची, असं बोलणं झालं होतं. पण जवळजवळच. वहिनी म्हणत होत्या, दिवाळीपर्यंत थांबा, बोट अजून मोकळं व्हायचंय. दादा नाही म्हणत नव्हता, हो म्हणत नव्हता. त्याला थांबायचं होतं, हे मला दिसत होतं. त्याला कुणीतरी थांबवायला हवं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारं पूजेला मांडतात. दादानं त्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलनं धुतली, पुसली, गाळ्यात पोत्यावर धुतलेलं धोतर अंथरून ओळीनं मांडली. पाने, गोट्या, हूक, टॉमी आणि मधोमध मी आणलेलं रॅचेट. प्रत्येकावर हळद-कुंकवाची बोटं ओढली, झेंडू वाहिला. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांची ती विश्रांती असते. लहानपणी आजोबांच्या खुरप्याला चुकून हात लावला म्हणून मी मार खाल्लेला आहे.

दुपारी दादा आणि वहिनी शेजाऱ्यांच्या जीपमधून म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेले. मी वाचत बसतो म्हणालो. घर गाळ्यापासून चार पावलांवर. गाळ्याची किल्ली दाराशी खिळ्याला होती — दुसऱ्या दिवशी द्यायची तीच.

मी का गेलो? खरं सांगतो. दादासाठी गेलो नाही. मला माझी सुटका हवी होती. रॅचेट पक्कं आहे हे एकदा हाताला कळावं, म्हणजे माझं खोटं नुसतंच खोटं राहील, त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नसेल.

मी पूजेतून रॅचेट उचललं. व्हाइसचा दांडा आता मला कळत होता. बोल्ट धरला, गोटी चढवली, दांड्यावर भार टाकला. पक्कं. एक दात मागं. पक्कं. आणखी एक. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं, शपथेवर सांगतो. खटका फिरवला, उलट्या बाजूनं सुरू केलं. आणि अर्ध्यावर कुठंतरी दांडा माझ्या हाताखालून निघून गेला. मी व्हाइसवर आपटलो. पुन्हा तिथंच आणलं. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा मी हळूच, बोटांनी दाबलं. खिट्टी दाताच्या टोकावरून घसरताना हाताला कळत होती.

एक दात. बाकी सगळं रॅचेट निर्दोष.

मी ते पुसलं — सवयीनं, रुमालानं — आणि पूजेत परत ठेवलं. झेंडू वाहिला. कुलूप लावून घरी आलो, तेव्हा दिसलं की माझा तळवा लाल झालाय. हात धुतला. पुस्तक उघडून बसलो.

आता मला माहीत होतं. संशय नव्हता. आणि किल्ली अजून खिळ्यालाच होती. दोन-तीन तासांत तो परत येणार होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यानं त्याचा हात त्याला परत मिळाला असता, गाळा राहिला असता. मी ते वाक्य मनात कितीतरी प्रकारे मांडून पाहिलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो मला विचारत होता, मग दोनदा हो का म्हणालास?

संध्याकाळच्या आरतीला आम्ही तिघं गाळ्यात गेलो. दादानं निरांजन लावलं आणि थांबला. सगळ्या हत्यारांवर कुंकू होतं. रॅचेटवर नव्हतं.

"हेचं कुंकू कुणी पुसलं?" तो वहिनींना म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. संशयानं नाही, नुसतंच. मी म्हणालो, "मांजर फिरलं असेल. वरच्या फटीतून येतं ना."

दादा खाली बसला. निरांजन त्या दांड्याजवळ नेलं. मग पुन्हा कुंकू लावलं नाही. उठताना म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हत्यारालाच मी नगो झालोय. कळलं मला."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी आरती म्हटली. मला सगळी कडवी पाठ आहेत.

सकाळी त्यानं किल्ली दिली.

त्यानंतरची वर्षं तो जगला, हसला, लोकांना सल्ले देत राहिला. गाड्या दारात यायच्या. तो हात पाठीमागं बांधून उभा राहायचा आणि दुसऱ्याकडून काम करून घ्यायचा. "मी न्हाई हात लावत," म्हणायचा. त्याला नात झाली. त्याचा मुलगा पुण्याहून तिला घेऊन यायचा. दादा तिला उभ्यानं कधी उचलायचा नाही. आधी भिंतीला टेकून बसायचा, मांडी घालायचा, मग म्हणायचा, "आता द्या." ती दोन्ही हात वर करून त्याच्यासमोर उभी राहिली की तो खाली वाकून तिच्याशी बोलायचा, पण हात पाठीमागंच. पोर रडायची. हे मी पाहिलं आहे. एकदा नाही, दरवेळी.

मी दरवेळी ठरवून जायचो. मग वाटायचं, आता एवढी वर्षं झाली, आता कळून त्याचं काय भलं होणार? हा विचार मी त्याच्या काळजीचा म्हणून स्वतःला सांगितला. तो त्याच्या काळजीचा नव्हता.

या वर्षी तो गेला. साताऱ्याच्या दवाखान्यात होता. शेवटच्या आठवड्यात मी त्याच्याजवळ थांबलो. एका सकाळी पाणी मागितलं. मी पेला त्याच्या हातात द्यायला लागलो, तर त्यानं हात मागं घेतला. "तूच धर मास्तर. माझ्या हाताचं काय खरं न्हाई." खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पेला धरला. तो प्यायला. मी त्याचं तोंड पुसलं.

तेराव्यानंतर वहिनींनी हत्यारांची पेटी काढली. बाकीचं मुलगा नेणार होता. रॅचेट त्यांनी बाजूला काढून माझ्यापुढं ठेवलं. "हे तुम्ही पारखून आणलेलं," म्हणाल्या, "त्यांनी लय जपलं. तुमच्याकडंच असू द्या." नात आता शाळेत जाते. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, कानाशी नेऊन कटकट वाजवलं आणि वहिनींना विचारलं, आजोबा मला उचलून का नाही घ्यायचे?

"त्यांचा हात सुटायचा गं," वहिनी म्हणाल्या. "तू पडशील म्हणून भ्यायचे."

मी तिच्या हातातून रॅचेट परत घेतलं. मग ते पिशवीत घातलं आणि सांगलीची गाडी पकडली.

ते या टेबलाच्या खणात आहे. दादाचा हात कधीच सुटला नव्हता. सुटायचा तो एक दात, आणि ते मला माहीत होतं.